ताणकाटा

रद्दीवाल्या मोमीनकडून ताणकाटा मागून आणला,
गॅलरीतल्या कडीला अडकवला,
जिथे एरवी शाल्मलीची झोळी असते.
माणशी वीस किलो. तान्ह्या मुलाला सामान नाही,
असं तिकिटावर बारीक अक्षरात.
म्हणजे जिच्यासाठी अर्ध्या बॅगा भरल्यात
तिच्या नावावर एक लंगोटसुद्धा नाही.

निरंजन आकडा वाचतो.
सासूबाईंचा आकड्यावर विश्वास नाही.
"रद्दीचा काटा तो, कमीच दाखवणार."
हे सगळ्यांना पटतं,
आणि मेतकुटाचा डबा परत ओट्यावर.
जाऊबाईंचे चार जोड सँडल
सगळ्यांनी पाहिले, कोणी काही बोललं नाही.
माझ्या आईने स्वतःची शाल काढून
थर्मासला जागा केली,
तेही कोणी पाहिलं नाही असं तिला वाटलं.

राहिली सहाण. बाळगुटीची,
कुमुदआत्यांची, सातशे ग्रॅम.
"बँकॉकला दगड न्यायचा?" सासरे म्हणाले,
"तिकडे दगड नसतात का?"
आत्या गप्प.
एकाहत्तर वर्षांत त्या फारशा बोललेल्या नाहीत,
घरातल्या प्रत्येक बाळंतपणाला मात्र
त्याच उठून पाणी तापवत होत्या.

रात्री दोनला दोन गाड्या.
सातारा रस्ता इतका रुंद आहे
हे तेव्हा कळलं.
येरवड्याच्या पुलावर शाल्मली ओकली,
सासऱ्यांच्या नव्या जॅकेटवर,
जे त्या उकाड्याच्या देशात
घालायचं नाही असं तीनदा ठरलं होतं.

लोहगावला मशीनच्या पडद्यावर
आत्यांच्या पर्समध्ये काहीतरी
गोल, करडं, घट्ट.
"बेबी के पेट के लिए," आत्या म्हणाल्या,
"इसपे घिसते हैं,"
आणि दोन बोटांत नसलेलं हळकुंड धरून
हवेवर उगाळून दाखवलं.
जवानाने दगड हातात घेतला,
मधला खळगा अंगठ्याने चाचपला.
त्याला कुणीतरी आठवलं असेल,
किंवा ड्यूटी संपत आली असेल.
सहाण पर्समध्ये गेली.
सासरे छताकडे बघत राहिले.

पासपोर्टमधला फोटो तिसऱ्या महिन्यातला.
अरण्येश्वरच्या स्टुडिओत पांढऱ्या चादरीवर,
मानेखाली माझा हात,
तो फोटोवाल्याने नंतर पुसून टाकला होता.
आता ती दहा महिन्यांची, दोन दात,
काउंटरवरचा माणूस एकदा फोटोकडे,
एकदा तिच्याकडे,
आणि ती दिव्यांकडे.
"इकडे बघायला सांगा."

मग रांगेतून आम्ही आठही जण:
ढमे, चिमणे, सोनकी, बबडे,
आईची "ठकूबाई", दिराची नुसतीच शिट्टी.
पासपोर्टवरचं नाव
एकालाही आठवलं नाही.
ती कुणाकडेच वळली नाही.
मी तिच्या मानेमागे हात दिला,
जिथून तो पुसला होता तिथेच,
आणि चेहरा हळूच फिरवला.

ठप्प.

शेजारच्या काउंटरवर त्याच वेळी आत्यांचा ठप्प.
दोघींचाही पहिलाच.
आत्यांनी पान उघडंच धरलं होतं,
शाई वाळेपर्यंत,
मेंदीचा हात धरतात तसं.

विमानात बसल्यावर बिडकर काकूंना मेसेज केला:
मोमीनचा काटा तेवढा देऊन टाका.
मग जरा वेळाने, सगळ्यांनी पायाखाली,
डोक्यावर, एकमेकांच्या मांडीवर शोधून झाल्यावर:
काकू, काट्याला एखादी बॅग लटकतेय का?
लाल पट्टीची. लंगोटांची.

फोन बंद करा, असं सांगत ती मुलगी
रांगेरांगेने जवळ येत होती.