अठरावर आणा

नानाजी मारबत्यानं जीप दिली
ती तीन दिवसांच्या करारावर.
शाळेच्या वहीचं पान, त्यावर गाडीचं चित्र त्यानंच काढलेलं,
जिथे पोचा तिथे फुली.
सतरा फुल्या झाल्या. अठरावी बोटानं पुसत म्हणाला,
हा गंज आहे, हा माझाच.

"कायले पाहिजे बाई तुमाले फोर बाय फोर?"
म्हटलं, नामिबियाला जायचंय, ऑगस्टात.
तिथे अशीच गाडी भाड्यानं ठरवलीय, डोक्यावर तंबू असलेली.
मी आणि मीरा खोब्रागडे, दोघीच. चालवणार मी.
तिथेही डावीकडूनच चालवतात, तेवढं बरं.
तो बराच वेळ मीराकडे पाहत राहिला,
तिच्याकडे दुसरं काही उत्तर असल्यासारखा.

एकतीस वर्षं मी लुनावरून लसी पोचवल्या,
आसगाव, कोंढा, भुयार,
खांद्याला बर्फाचा डबा,
आणि चिखल लागला की मीच लुनाला ओढायची.
चारही चाकं एकदम जोर लावतात
हे सुख साठीत कळलं.

वैनगंगा मे महिन्यात अर्धी रेतीच असते.
रेतीत उतरायचं तं आधी हवा सोडा, नानाजी म्हणाला.
पस्तीसची अठरावर आणा.
मी टायरपाशी बसले. टोपी काढली, काडी टोचली,
सूंऽऽ
काटा उतरायला लागला
तसा माझा डावा हात आपोआप
कुणाचं तरी मनगट शोधू लागला.
किती दंडांना पट्टा बांधला या हातांनी.
किती जणींना सांगितलं,
मीठ कमी कर, दुपारी जराशी पड, आकडा खाली आण.
टायरनं पहिल्याच खेपेला ऐकलं.

मग सेकंड लो. ब्रेक नाही. स्टेअरिंगशी भांडण नाही.
"रेतीले वाटू देऊ नका बाई, का तुमी भेता."
भ्याले नाही. थांबले.
मीरा किंचाळली म्हणून थांबले:
पुढ्यात उघड्या रेतीवर टिटवीची चार अंडी,
आणि टिटवी, आमच्या बोनेटला शिव्या देत.
अंडी वाचली. गाडी पोटापर्यंत बसली.

डांगरवाडीतली पोरं मजा बघायला धावत आली,
मला पाहिलं,
"सुईवाली!" म्हणत तशीच परत पळाली.
आली ती त्यांची आजी, यमुना, फावडं घेऊन.
काही विचारलं नाही तिनं.
चाकापुढची रेती ओढली, खताची रिकामी पोती अंथरली,
अन् खिडकीशी येऊन म्हणाली,
"माह्या सदाच्या वक्ताले काय सांगे तू मले?
थांब, थांब, आता नको... आता लाव जोर.
तसंच कर."

तसंच केलं.
मीरा हसत होती की रडत, धुळीत दिसलं नाही.

रात्री काठावरच तंबू उघडला.
शिडीला सात पायऱ्या, माझा गुडघा तिसरीलाच बोलला.
आत दोन बायका, एक टॉर्च, चिवड्याची पिशवी.
खाली रानडुकरं हाकायला यमुना
डबा बडवत होती, थांबत होती, पुन्हा बडवत होती.
तिथे सिंह असतील गं, मीरा अंधारात म्हणाली.
म्हटलं, असतील.
डबा बडवायला यमुना नसेल.
त्यानंतर दोघीही बराच वेळ जाग्या.

सकाळी ती दोन डांगरं घेऊन आली. पैसे घेतले नाहीत.
"तिकडं नदी हाय का?"
आहे म्हणतात. पण वर्षातले बहुतेक दिवस नुसती रेती.
"मंग तिच्यात डांगर कोन लावते?"

नानाजीनं फुल्या मोजल्या. सतराच भरल्या.
पायदानाखालची रेती त्यानं झाडली नाही,
अनामत दिली, डांगर मात्र मोठं तेच ठेवून घेतलं.

गाडीच्या कंपनीला विचारायच्या गोष्टींची यादी आहे माझी.
दुसरी स्टेपनी मिळेल का. विम्यात काच येते का.
गॅस किती दिवस पुरतो.
त्याच्या खाली, त्याच पेनानं,
डांगर कोण लावतं.