सरपण

मावशीनं फोन काढून घेतला नाही.
तेवढी शहाणी आहे रायलीमावशी.
एवढंच म्हणाली, सहा दिवस चालायचंय,
जे जे घेशील ते तुझ्याच पाठीवर.
मी फोन लोकरी मोज्यात घातला,
मोजा कॉफीच्या रिकाम्या डब्यात,
डबा पिशवीच्या पार तळाशी,
मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडायला न्यावं तसा:
परत येऊ नये म्हणून,
आणि येणारच, हे माहीत असून.

मे महिन्यात शाळेच्या समारंभात
गाताना माझा आवाज फाटला.
बस, अकरा सेकंद.
कुणीतरी त्यांना बकरीचं तोंड जोडलं
आणि मग ते अकरा सेकंद
जूनभर, जुलैभर संपलेच नाहीत.
ओउलूत उन्हाळ्यात रात्र होत नाही.
पहाटे तीनच्या पांढऱ्या उजेडात
हातात दुसरा पांढरा उजेड धरून
मी आकडा बघत बसायचे.
एकेचाळीस हजार.
एकेचाळीस हजार दोन.
ते दोघं कोण असतील?

पहिले दोन दिवस अंगठा थांबेना.
हातात काठी, आणि काठीवर अंगठा
खालून वर, खालून वर,
तुटलेली पालीची शेपटी वळवळते तसा.
मांडीशी थरथरलं की मी दचकायचे.
एकदा डास निघाला. एकदा काहीच नाही.
एकदा खरंच घंटा वाजली:
दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवर, अगदी मधोमध,
रेनडिअर.
कानाला मालकाची खूण कातरलेली,
ओठाला दगडफूल चिकटलेलं,
खिडकी बंद केल्यावर कारकून बघतो
तसं माझ्याकडे बघत होतं.
माझा हात खिशाकडे गेला. खिशात मनुके.
मग ते निघून गेलं.
आता हे मी कुणाला दाखवू?
दिवसभर चिडचिड झाली.

मावशी उपदेश करत नाही.
ती खोकते,
आणि चिखल आला की म्हणते, डावीकडून.

चौथ्या संध्याकाळी झोपडी. दाराला कुलूप नाही.
इथला रिवाज असा:
उशिरा येईल त्याला आधी जागा,
आणि निघताना चुलीपाशी
पुढच्यासाठी सरपण फोडून ठेवायचं.
पुढचा कोण, ते विचारायचं नाही.

टेबलावर वही, दोरीला बांधलेली पेन्सिल.
‘पाऊस. लापशी करपली. खाल्ली.’
‘गुडघा गेला. कुत्रा खूष.’
‘इथं तेविसाव्यांदा. यंदा एकटाच. ऐमो.’
त्या ओळीखाली
कुणी काहीच म्हटलेलं नव्हतं.
पुढच्यानं फक्त
चार बोटं जागा सोडून लिहिलं होतं.
ती चार बोटं मी खूप वेळ वाचत होते.

मग पेन्सिल घेतली. तीन वाक्यं जुळवली.
तिन्ही छान होती.
तिन्ही मान तिरकी करून
कोण बघतंय ते बघत होती.
खोडरबर नव्हतं, थुंकी लावून खोडली,
कागदाला भोक पडलं.
शेवटी लिहिलं:
‘हिल्मा, वय सतरा. पूर्वेकडून आले.
भोकाबद्दल माफ करा.’

डब्यातलं मांजर जिवंत आहे अजून.
परवा रस्ता लागेल, तेव्हा ते ओरडेल.
मी डबा उघडेन बहुतेक.
उघडणार नाही असं कुठं म्हणतेय मी.

सकाळी मावशीनं कुऱ्हाड हातात दिली.
पहिला घाव मातीत.
दुसरा बर्चच्या सालीवरून घसरला.
तिसऱ्याला ओंडका फाटला,
मोठ्यानं, बेसूर,
तळ्यापलीकडे आवाज गेला आणि परत आला.
मी थांबले, सवयीनं,
कुणी हसतंय का म्हणून.

मावशी वाकली, एक तुकडा उचलून बघितला.
म्हणाली, अजून बारीक कर.
येईल त्याचे हात ओले असतील.