तुडूम

बाबूजी उंबरठ्यावर थांबलेत.
चहावर साय आली, अजून तिथंच.
पाय चिखलात नाहीत, फरशीवर आहेत,
तरी उपटत नाहीत.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर
बॉलपेननं मेंदू काढला होता.
वरची वळणं घाईघाईत,
आणि पार खाली, देठापाशी,
दोन बारक्या काळ्या कोरी, गिरवून गिरवून.
"हे काळं ओसरतंय," त्या म्हणाल्या.
"अर्ध्याच्या वर गेल्यावरच कळतं."
काळं जाणं हाही आजार असतो
हे मी पहिल्यांदाच ऐकलं.
बाबूजींची मान हलली,
होकार होता की कंप, कुणास ठाऊक.
"गाळ," एवढंच बोलले.
"गाळ गेला तं तलाव का कामाचा?"

दसाराम कापगते, खैरीटोल्याच्या तलावाचे पाणकर,
अठ्ठावीस वर्षं.
छातीभर पाण्यात बुडी मारून
तुडुमाचा खुंटा काढायचे.
कोणती बांधी आज भिजेल, कोणती थांबेल,
भांडणं त्यांच्या मुठीत मिटायची.
डोक्यातही तसंच असतं म्हणे:
हजार हालचाली तोंड उघडून बसलेल्या,
आतला कुणी साऱ्यांना अडवून धरतो
आणि एकीलाच सोडतो.
घास.
सदऱ्याचं बटण.
हा उंबरठा.

तिथंच जवळ बदामाएवढं भीतीचं घर आहे.
बदाम झाडावर कुणी पाहिलाय इथं,
आम्ही आपली मोहाची टोळ म्हणू.
ती शाबूत आहे. सगळं तिच्यात भरतं,
चेहऱ्यापर्यंत काही येत नाही.
प्रज्योत विचारतो, आबाजी रागावले का?
आबाजी त्याच्याकडं बघत राहतात,
लाकडासारखे, डोळे भरून.

पण परवा धानाच्या बांध्यांतून
सरसर गेले की!
धुरा आला की पाय उचलायचा,
पुन्हा धुरा, पुन्हा पाय.
सपाटीवर अडतात, अडथळ्यावर नाही.
म्हणून अंगणात मी तणसाच्या पेंढ्या आडव्या मांडल्यात,
हातभर अंतरानं.
शेजारची यमुताई हसते, काय वं, अंगणात शेती?

आत्ता उजवा निघाला.
डावा मागंच.
मी धरायला पुढं होते तर म्हणतात,
"थांब वं. तो टेलावर आहे.
पानी उशिरा पोचते."

टेलाची बांधी भिजल्याशिवाय
त्यांनी खुंटा कधी परत ठोकला नव्हता.

मी चहा पुन्हा चुलीवर ठेवते.