सरगुरोहचा अंगठा

पत्र्याने कापला. अंगठ्याच्या पेरापासून
तळव्यावरून मनगटापर्यंत, सरळ सुतात.
सोहारच्या कारखान्यातून पिकअपमध्ये आणला
तेव्हा टॉवेल भिजून जड झाला होता
आणि हा विचारत होता, सिस्टर, पगार कापतील का?

अकरा टाके. डॉक्टरांनी घातले, मी मोजले.
मोजता आल्या नाहीत त्या आत आधीच पोचल्या होत्या,
रक्तातल्या पांढऱ्या पेशी, पहिल्या पाळीच्या.
घाण दिसली की धरायची, गिळायची,
आणि एक-दोन दिवसांत तिथेच मरायचं.
तिसऱ्या दिवशी बोळ्यावर पिवळं आलं ते तेच.
याकूबने तोंड फिरवलं.
नावं ठेवू नकोस, म्हटलं, कामावर आल्या होत्या.

मग दुसरी पाळी. थोराड, संथ,
मेलेल्यांना खाऊन जागा मोकळी करणारी.
पुढचा निरोपही त्याच धाडतात : आता बांधा.
धागे पडतात मग, घाईघाईने, एकाच दिशेला ओढलेले,
पोतं शिवतात तसे.

आणि त्यांचीही निघायची वेळ असते.
नाही निघाल्या, रेंगाळल्या,
तर वण सुजतो, लाल होतो, रात्रभर खाजतो,
कधी जखमेची हद्द ओलांडून पसरतो.
हे मी कुडाळला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.
इथे, व्हिसाची तारीख जवळ आली असताना
पुन्हा वाचलं
आणि पुस्तक मिटून ठेवलं.

सातव्या आठवड्यात गेटवरचं यंत्र
त्याचा अंगठा घेईना.
लाल दिवा. पँटला पुसून पुन्हा. पुन्हा लाल.
मागे रांग, बसचा हॉर्न.
"मीच आहे रे," तो यंत्राला मराठीत म्हणाला.
पेशींनी भगदाड बुजवलं होतं;
आधीची नक्षी कशी होती
हे त्यांना कोण दाखवणार?
आता डाव्या हाताची तर्जनी नोंदवली आहे.

ऑगस्टात आला, नुसताच, लबनच्या दोन बाटल्या घेऊन.
हातमोजा ओढून काढला.
तळवा निथळत होता, बोटांची टोकं सुरकुतलेली,
आणि मधून ती रेघ, ठणठणीत कोरडी.
"इथे घामच येत नाही, सिस्टर."
नाहीच येणार. त्या ग्रंथी परत होत नाहीत.

रेघेवरून त्याने नख फिरवलं.
"म्हणजे एवढंच अंग सुट्टीवर," म्हणाला,
आणि बाकीचं
परत मोज्यात घातलं.