ड्रॉइंगमध्ये यंत्र निजलेलं असतं

वॉल्विस बेच्या धुक्यात मीठ असतं.
पॅनेलच्या दारातून ते आत शिरतं,
तांब्यावर हिरवं होऊन बसतं.

पहाटेचे तीन. पट्टा बंद,
हेकच्या पेट्यांवरचा बर्फ ठिबकतोय,
आणि माझ्या गुडघ्यावर हाउफिकूचं ड्रॉइंग,
घड्यांवर फाटलेलं, कडेला ग्रीसचा अंगठा.

तो म्हणायचा, कागदावर यंत्र नेहमी निजलेलं काढतात, न्दापेवा.
वीज आलेली नाही, बोट कुणी लावलेलं नाही.
जागं झाल्यावर काय होईल
ते आपण डोक्यात चालवायचं.

स्टॉपची बटणं सहा, एकामागे एक.
एकानं नको म्हटलं तरी पुरतं.
मीटरचं टोक सरकवत जाते:
चोवीस व्होल्ट. चोवीस. चोवीस.
चौथ्यापलीकडे शून्य.

सुपरवायझर ओरडतोय, रिले गेला असेल, बदल!

चौथं बटण पॅकिंगच्या टेबलाशी.
बिघडलेलं नाही. दाबलेलं आहे.
तिथं सेल्मा उभी, बोटांना ॲप्रनचं टोक गुंडाळून,
एका हातात मोजा नाही.
कुणी विचारलंच नाही, म्हणाली.

बटण तसंच राहू दिलं.
मेन पाडला, कुलूप घातलं,
किल्ली खिशात टाकली
आणि पट्ट्याखाली वाकून
रोलरमधला मोजा सोडवायला घेतला.