जंबेरीचा खुंट

आमच्या मंडळीत रविवारी अकरा माणसं.
बारावी मी, पण मी मागे दाराशी बसते,
चपलांच्या बाजूला,
म्हणून पाळक मला अर्धी धरतात.

विश्वासांगीकार म्हणायला सगळे उभे राहतात.
बरं आहे, मराठीत क्रियापद शेवटी येतं.
आकाश येतं, पृथ्वी येते,
कुमारी, खिळे, कबर, तिसरा दिवस,
एवढं सगळं समोरून जाऊ देता येतं
न मानता, न नाकारता,
आणि मग, श्वास संपत आल्यावर,
ठेवते.
विश्वास ठेवते.
कुठे, ते कुणी सांगत नाही.
आई कळशी ठेवायची तसा, चुंबळीवर?
की चावी ठेवतात तसा, चौकटीच्या वर,
परत आल्यावर हाताला लागेल म्हणून?

सोमवारी वरुडच्या कॉलेजात चार पोरं.
फळ्यावर मी पहिल्या कारणाचा पुरावा मांडते
आणि तास संपताना मीच तो पुसते.
गुणवंत निंभोरकर उभा राहिला,
"मॅडम, काल तुमच्या चर्चाची घंटा आयकली म्या.
मंग हे खोडता कायले?"
म्हणाले, पुढच्या तासाला.
पुढचा तास इतिहासाचा होता.

बाबा कुकड्यांच्या रोपवाटिकेत डोळे भरायचे.
दिवसाला तीनशे.
जंबेरीच्या खुंटावर उभा-आडवा छेद,
साल अलगद उचलून आत संत्र्याचा डोळा,
वरून पट्टी.
जुने पाळक म्हणाले होते, शलमोन, हा तर क्रूस!
बाबा म्हणाले, "टी हाय जी. इंग्रजी टी."

मी रोज संध्याकाळी विचारी, लागला का?
"सोडल्याशिवाय कसं समजन?
अन् रोज सोडशीन तं मरन थो."
विसाव्या दिवशी ते स्वतः पट्टी सोडत.
हिरवा असला तर पुढचं रोप.
काळा, तर त्याच खुंटावर, दुसऱ्या अंगानं, पुन्हा.
खुंटाला त्यांनी कधी शिवी दिली नाही.

उपदेशात सांगतात, विश्वास हे मूळ,
शंका म्हणजे वरची बांडगुळं.
मी रोपं उपटून पाहिली आहेत.
खाली जंबेरी असते: काटेरी, आंबट,
डिंक्याला सहसा न बधणारी.
प्रश्न तिथले.
गोड जे काही आहे ते नंतर बांधलेलं,
कुणीतरी, पट्टीचं टोक दातांत धरून.
म्हणून ते खोटं नाही.
संत्रं खोटं नसतं.

पण हेही पुरतं बसत नाही.
बाबा गेले त्या पहाटे
मी त्यांच्या कानाशी प्रभूची प्रार्थना म्हटली,
एक शब्द न चुकता,
आणि तेव्हा मी काही ठेवत नव्हते,
काही उचलतही नव्हते.
आवाज माझा होता. एवढंच सांगता येतं.

अंगणात त्यांच्या हातचं एक झाड आहे.
खुंटाला खालून फुटवा आलाय,
छाटायला हवा होता.
यंदा वर संत्री, खाली सात जंबेऱ्या.
सालोमीमावशीनं लोणचं घातलं,
एक बरणी पाळकांकडे गेली.
बोट चाटत त्यांनी विचारलं, कुठल्या झाडाचं?
म्हटलं, त्याच.

गुणवंतला अजून उत्तर दिलेलं नाही.
परवाच्या रविवारी तो दाराशी आला,
घंटेची दोरी पाहायला म्हणे.
मी चपला जराशा सरकवल्या.