आधी फाटक, मंग काटा

जिनिंगच्या ऑफिसात, सरकीच्या वासात,
सर्व्हर ठेवलाय जुन्या तिजोरीवर.
वर मलमलीचं फडकं; नाहीतर
रुईचे तंतू पंख्यात जातात
आणि तो दमेकऱ्यागत धापा टाकतो.

सकाळपासून एकच उत्तर: चारशे चार.
काट्याचं पान मागा, चारशे चार.
पावतीचं मागा, चारशे चार.
बाहेर बंड्या, मेटॅडोर
पार खरांगण्याच्या फाट्यापर्यंत,
आणि काट्यावरचा गुणवंत कोडापे
पुन्हा कार्बन पेपर शोधतोय.

मी फाइल उघडते.
हँडलर, एकाखाली एक:
कोणी ओळख विचारणारा, कोणी वजन घेणारा,
कोणी ओल पाहून दर लावणारा,
कोणी पावती छापून हातात देणारा.
सगळे जागेवर. सगळे रिकामे.
कोणापर्यंत काही पोचतच नाही.

यादोराव चहा घेऊन येतो.
चोवीस वर्षं फाटकावर;
पडद्यावरचं त्याला कळत नाही,
रांग कळते.
"काऊन वं बाई, कुठं अडलं?"
म्हटलं, आत सगळे बसलेत हो,
येणारा दारातूनच परत चाललाय.
"मंग दारावर कोन हाय ते पाह्य.
माह्या बदलीवर मांगं एक पोट्टा ठेवला होता.
गाडी आली का म्हने, शेठ नाही.
ट्रक असो, पोस्टमन असो,
शेठचा जावई असो, शेठ नाही.
आत जाऊन पाहाचं कामच नाही.
अन् शेठ आतमंदी सुपारी कातरत बसेल."

मी वर सरकते. पहिलीच ओळ.
मार्गाच्या जागी एक चांदणी, म्हणजे काहीही.
काम: ठेवलेल्या फायली देणं.
फाइल नसली तर नाही म्हणणं.
मीच लिहिलेली, शनिवारी,
लोगो दिसत नव्हता म्हणून,
लाइन जायच्या आत, घाईत.

तिला उचलून सगळ्यांच्या खाली ठेवते.
जे कोणाचंच नाही, ते तिचं.
सर्व्हर बंद. सुरू.
पहिली विनंती आत शिरते:
ओळख, वजन,
ओलीपाशी जरा घुटमळते.
साडेदहा टक्के. दर कमी.
खिडकीबाहेर आवाज चढतो;
ते भांडण माझ्या फायलीत नाही.

"यादोभाऊ, त्या पोट्ट्याचं काय झालं मग?"
"त्याचं? तहसिलीत लागला ना थो.
फाटकावरच."

पावती फिकट निघते.
फीत बदलायला झालीये.